कॅमेरा घ्यायचा तर पद्धतीने

४ मार्च, बुधवार. सकाळ.

आजपासून रोजनिशी. रिटायर झाल्यावर शिस्त सुटली की माणूस संपला. ऑफिसात सगळी हयात खरेदी विभागात गेली, पण एक ऑडिट आक्षेप नाही. एकदा पंखे घ्यायला वेळ लागला, आले तेव्हा थंडी पडली होती, हे खरं. पण पंख्यांबद्दल पुढे कोणाची तक्रार आली? नाही. खरेदी अशी असते.

लॅबला निघताना ही म्हणाली, घरात एक कॅमेरा बसवून टाका. बाबा दुपारी मधेच कुठेतरी जातात, कळत नाही. काल मेडिकलवाल्याने तिला मुद्दाम थांबवून सांगितलं की तुमचे सासरे भर उन्हात मोठा रस्ता ओलांडत होते, एक हात छातीशी धरून. तो रस्ता म्हणजे ट्रक आणि टँकर, सगळे सुसाट. एखाद दिवशी काहीतरी होऊन बसेल म्हणाली.

मी म्हटलं, तू निर्धास्त जा. हा माझा प्रांत आहे.

एक कॅमेरा म्हणे! भाजीसारखा सुटा घेतात का कॅमेरा? सिस्टिम घ्यायची असते. रक्ताच्या नळ्या तपासणं वेगळं आणि खरेदी वेगळी. असो. तिला दोष नाही.

संकल्प: पंधरवड्याच्या आत सिस्टिम चालू.

५ मार्च, गुरुवार.

बाबांना डॉक्टरकडे नेलं. हिने अर्धी रजा टाकली. छातीचा आलेख काढला. ठणठणीत. डॉक्टर म्हणाले, हृदय माझ्यापेक्षा चांगलं आहे, फक्त हाताची बोटं आखडली आहेत, वयाप्रमाणे ते चालायचंच. मग छातीशी हात कशाला? मेडिकलवाल्याचीच नजर अधू असणार.

दवाखान्यातले कॅमेरे बघून घेतले. सगळे घुमटाकार. एक औषधांच्या कपाटाकडे तोंड करून होता, म्हणजे खरेदी कोणीतरी विचार न करता केलेली. रिसेप्शनच्या मुलीला तसं सांगितलं. तिने नंबर लागल्यावर बोलावते म्हणून सांगितलं.

७ मार्च, शनिवार.

समोरच्या घरातला सर्वज्ञ भेटला. (त्याचं हे नाव मी ठेवलं आहे, त्याला माहीत नाही.) त्याचा बागेतला पाइप चोरीला गेला, म्हणून त्याने त्याच संध्याकाळी कॅमेरा आणून लावला. कोणता म्हणून विचारलं, तर म्हणाला, दुकानात पुढे होता तो. हसावं का रडावं! ना कोटेशन, ना तुलना, ना वॉरंटीचा कागद वाचला. वर मला सांगतो, तुम्हीही घेऊन टाका.

टाका म्हणे. टाकायला तो काय कचरा आहे?

मात्र पाइपचोरीमुळे प्रश्नाची व्याप्ती वाढली. नुसते बाबा नाहीत, आता चोरही आले.

१० मार्च, मंगळवार.

घराला पद्धतशीर चक्कर मारून कमकुवत जागा शोधल्या. फाटक. बाजूचा बोळ. मागची भिंत. गच्ची. गच्चीवरची टाकी (टाकीत कोणी काही टाकलं तर?). गॅस सिलिंडरची खोपटी. सर्वज्ञच्या बाजूची भिंत. आणि टाकीवरच्या कॅमेऱ्यावर लक्ष ठेवायला एक कॅमेरा, कारण तोच चोरला तर सगळं मुसळ केरात. एकूण आठ.

नकाशा काढला, रंगीत पेनांनी. झकास झाला.

हिला दाखवला. ती म्हणाली, आणि दाराच्या आत? हॉलमध्ये? मी म्हटलं, आत कॅमेरा कशाला? आत तर मी आहे. ती भांडी विसळायला गेली. नकाशाचं कौतुक तिला तोंडाने करता येत नाही, स्वभाव आहे.

बाबा दुपारी खोलीत येऊन काहीतरी विचारत होते. थांबा म्हटलं, शाई वाळायची होती.

११ मार्च, बुधवार.

तीन पार्ट्या बोलावल्या. तीनपेक्षा कमी कोटेशनवर मी साधा टाचण्यांचा डबा घेतलेला नाही.

पहिला टायवाला. बॅग, लॅपटॉप, सुगंध. माझा नकाशा बघून म्हणाला, सर, असा क्लायंट मला आजवर मिळाला नाही. माणूस ओळखतो.

दुसरा मफलरवाला. या उन्हात मफलर! भिंतीवर टकटक करून म्हणाला, भिंत पोकळ आहे. पुढे काही बोललाच नाही. चहा मात्र दोनदा.

तिसऱ्या, बाजारातल्या दुकानवाल्या बाई. त्यांनी नकाशा बघितलाच नाही. पहिलाच प्रश्न, कॅमेरा कशासाठी हवाय? मी म्हटलं, सिक्युरिटीसाठी. तर म्हणाल्या, कोणाच्या? तेवढ्यात बाबा आतून आले, तर त्यांच्याशीच गप्पा. जाताना सांगून गेल्या, तुम्हाला एकच पुरेल, दाराच्या आत लावा, कोणी बाहेर गेलं की फोनवर कळेल.

शेरा: विषयाचा अभ्यास नाही. बाद.

१४ मार्च, शनिवार.

हिने बाबांना दोन टी-शर्ट आणले. डोक्यातून घातले की झालं, म्हणाली. बाबांनी घडी न मोडता परत तिच्या हातात ठेवले. टी-शर्ट पोरांनी घालायचे म्हणे. त्यांना कॉलरचा, बटणांचा, इस्त्रीचा शर्टच लागतो, तोही गळ्यापर्यंत बंद. दुपारची झोप झाली की शर्ट चढवायचा आणि मगच चहा. बनियनवर चहा घेताना त्यांना मी जन्मात पाहिलं नाही. हट्टी आहेत. मी त्यांच्यावर गेलो नाही, नशीब.

तुलनातक्ता सुरू केला. टायवाला लेन्सची मापं मिलिमीटरमध्ये सांगतो, मफलरवाला मोठी, मध्यम आणि बरी अशी सांगतो. तुलना करायची कशी? दोघांकडून खुलासा मागवला.

१७ मार्च, मंगळवार.

मफलरवाल्याचा खुलासा आला: बरी म्हणजे बरी.

डोक्याला ताप नुसता. सकाळपासून तक्ता मांडतोय. रात्री अंधारात कोणाचं चित्र चांगलं येतं, त्यासाठी टायवाल्याने व्हिडिओ पाठवला. काळोखात एक मांजर. मफलरवाल्यानेही पाठवला. नुसता काळोख. मांजर होतं का विचारलं तर म्हणाला, असेल.

दुपारी बाबा पुन्हा. अंगात शर्ट अर्धवट, एका हाताने पुढून धरलेला. जरा बघतोस का, म्हणाले. थांबा बाबा म्हटलं, मी आकड्यांत आहे. जरा वेळ उभे राहिले दारात. मग गेले. माणसाला एकाग्रता म्हणून काही मिळूच द्यायची नाही, असं या घराचं ठरलेलं दिसतं.

पंधरवडा उद्या संपतो. मुदतवाढ दिली. स्वतःलाच द्यायची असल्यामुळे अर्ज लागला नाही.

२० मार्च, शुक्रवार.

वैताग. वैताग. वैताग.

टायवाल्याच्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. एक दाबा, चार दाबा, थांबा. मग संगीत. तेच ते संगीत! मधे मधे एक बाई सांगते की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. एवढा महत्त्वाचा आहे तर उचला की!

या दरम्यान हिचे लॅबमधून तीन मिस्ड कॉल. संगीत सोडून कसा घेणार? शेवटी कान गरम झाला म्हणून फोन ठेवला आणि बाहेर आलो, तर बाबा फाटकातून आत येत होते. शर्ट गळ्यापर्यंत बंद, भांग पाडलेला, एकदम टापटीप. कुठे गेला होतात विचारलं तर म्हणाले, जरा काम होतं.

म्हणजे बघा, माणूस व्यवस्थित फिरून येतो, कामं करतो. संध्याकाळी हिला तसं सांगितलं. ती भडकलीच. तो रस्ता त्यांनी जाता-येता दोनदा ओलांडला, तुम्ही घरात असून तुम्हाला पत्ता नाही! मी तुम्हाला फोन करत होते!

मी शांतपणे म्हटलं, म्हणूनच सिस्टिम घेतोय. माणसाच्या लक्षाला मर्यादा असते.

२३ मार्च, सोमवार.

हिने फाटकाला कुलूप लावायचं काढलं. बाबांनी किल्ली बघितली आणि म्हणाले, मला कोंडणार का आता? एवढंच. रात्री जेवले नाहीत. ही स्वयंपाकघरात डोळे पुसत होती. कुलूप परत ड्रॉवरमध्ये.

हे असं होतं. भावनेच्या भरात केलेली खरेदी. कुलूप तर तिने एकाच दुकानातून आणलं होतं.

तिने हात जोडले मला. म्हणाली, काय ते आठ घ्या नाहीतर ऐंशी घ्या, पण या आठवड्यात लावा. जिवाला घोर लागून राहिलाय, रक्त घेताना लक्ष घरी असतं माझं.

मलाही वाटलं, आता पुरे. निर्णयाची वेळ. संकल्प: गुरुवारी टायवाल्याचा प्रत्यक्ष डेमो, आठही कॅमेऱ्यांसह, जागेवर. डेमोशिवाय ऑर्डर देणं म्हणजे आंधळा कारभार.

२६ मार्च, गुरुवार. दुपार.

आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा!

टायवाला दोन माणसं आणि शिडी घेऊन सकाळीच हजर. आठही कॅमेरे तात्पुरते लावले. वायरी सगळीकडे. हॉलमध्ये मोठा स्क्रीन, त्यावर आठ चौकोन. खुर्चीत बसून घराची चारी अंगं एकदम दिसतात. टाकी दिसते. टाकी बघणारा कॅमेरा दिसतो. सर्वज्ञची वाळत घातलेली लुंगी दिसते. इतकं नीट मी माझं घर कधी बघितलं नव्हतं.

दुपारी बाबा झोपून उठले आणि शर्ट धरून आले. थांबा म्हटलं, टेक्निकल चाललंय. टायवाला हसला. म्हणाला, वडीलधाऱ्यांना टेक्नॉलॉजीचं कुतूहल असतं.

मग कमाल झाली. मी त्याला म्हटलं, लांबून ठीक आहे, पण बारकावे दाखवा. तो म्हणाला, चार नंबर बघा सर, गच्चीवरून फाटकावर आहे. आमच्या नशिबाने नेमका कोणीतरी म्हातारा फाटकाजवळून चालला होता. वरून डोकं आणि खांदे दिसत होते. टायवाल्याने चित्र मोठं केलं. काय सांगू! शर्टाची बारीक रेघ दिसते. वरचं बटण दुसऱ्याच काजात अडकलंय, खालची सगळी उघडी, एका हाताने शर्ट मुठीत धरलाय, हे सगळं स्वच्छ! बोटांवरच्या सुरकुत्या मोजाव्यात. मी म्हटलं, कोण हा बावळट, भर उन्हात असा उघडा फिरतोय, घरात कोणी बघणारं नाही वाटतं. टायवाला म्हणाला, सर, क्लॅरिटी बघा. मी म्हटलं, क्लॅरिटी मानली.

ऑर्डर याचीच. ठरलं. हिला संध्याकाळी सरप्राइज.

२६ मार्च. संध्याकाळ.

ही लवकर आली. वायरी ओलांडत बाबांच्या खोलीत गेली आणि तशीच बाहेर आली. बाबा कुठे?

मी म्हटलं, असतील. बाथरूममध्ये बघ. नव्हते. गच्चीवर नव्हते. दारातल्या चपला नव्हत्या.

टायवाला उत्साहाने म्हणाला, मॅडम, रेकॉर्डिंग आहे ना! आठही चौकोन मागे नेले. चार नंबरवर तो म्हातारा आला. हिने चित्र मोठंसुद्धा करू दिलं नाही. बाबा! म्हणाली आणि धावत सुटली. तो शर्ट तिनेच सकाळी इस्त्री करून त्यांच्या पलंगावर ठेवला होता.

मी वडिलांना ओळखलं नव्हतं. वरून बघितल्यामुळे. वरून कोणीही... जाऊ दे.

फाटकाच्या बाहेर आमचा एकही कॅमेरा बघत नाही. मी पण पळालो. मेडिकलवाल्याने बोट दाखवलं, पलीकडे. मोठ्या रस्त्यावर ही गाड्यांना हात करत मधे उभी, एक टँकर कर्कश हॉर्न देत तिच्या पुढ्यातून गेला. गाड्यांमधून एकटे बाबा रोज कसे जात असतील, हे तिथे उभं राहिल्यावर कळलं.

पलीकडे शिंप्याचं दुकान. बाबा बाकावर बसले होते. शर्ट गळ्यापर्यंत बंद. हातात चहाचा कप.

शिंप्याने विचारलं, तुमचेच का हे? रोज येतात बरेच दिवस. बोटं वळत नाहीत म्हणाले, तर मी बटणं लावून देतो. मला वाटलं, एकटेच राहतात.

ही बाबांजवळ खाली बसली आणि रडायलाच लागली. मला का नाही सांगितलंत, म्हणाली. बाबा ओशाळले. म्हणाले, सुनेला काय सांगायचं, शर्टाची बटणं लाव म्हणून. तू सकाळी कामावर जातेस दमून. याला सांगत होतो. हा म्हणायचा, थांबा.

शिंपी मशीनकडे वळला. मी त्याच्या कात्रीकडे बघत राहिलो. कोणत्या कंपनीची होती ते बघितलं नाही.

२७ मार्च, शुक्रवार.

टायवाल्याला वायरी काढून न्यायला सांगितलं. नाराज झाला. सर, क्लॅरिटीत काही कमी होतं का? नाही म्हटलं, क्लॅरिटी चांगली होती.

सकाळी ही चहा घेऊन आली. मी आधी माझी बाजू मांडली. म्हटलं, मला कोणी नीट सांगितलंच नाही, की बाबांवर लक्ष ठेवायचंय. सांगितलं होतं, म्हणाली, चार तारखेला. मी म्हटलं, पण मग कॅमेरा कशाला, दिवसभर मी घरातच होतो की!

ती म्हणाली, तेच तर.

मी म्हटलं, म्हणजे?

ती म्हणाली, तुम्ही घरात असता म्हणूनच तर कॅमेरा हवा होता.

यावर मी पुष्कळ बोलू शकलो असतो. पण कप आधीच उचलून नेला तिने.

२८ मार्च, शनिवार.

ही लॅबमधून येताना बाजारात उतरली आणि त्या दुकानवाल्या बाईंकडून एक कॅमेरा घेऊन आली. एक! तीन कोटेशनं नाहीत, तक्ता नाही. बाईंनी स्वतः येऊन लावला. माझा चहा थंड व्हायच्या आत झालंसुद्धा. हॉलमध्ये, दाराच्या आत. चालतो. मी दोष शोधायला बसलो होतो, पण वॉरंटीचा कागदही बरोबर होता.

दार त्यात दिसतं, पण त्याहून नीट माझी खुर्ची दिसते. आधी वाटलं, बसवताना चूक झाली. बाईंना तसं म्हटलं. त्या हिच्याकडे बघून हसल्या. ही पण हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच हसताना बघितलं तिला, म्हणून मी पुढे ताणलं नाही.

३० मार्च, सोमवार.

दुपार. कॅमेऱ्याचा निळा दिवा लागलेला आहे, म्हणजे ही लॅबमधून बघत असावी. बघू दे. मी ताठ बसलोय.

शिंप्याकडे सकाळी जाऊन आलो. रस्ता ओलांडायला घाम फुटला. त्याचे आभार मानायचे होते. त्याला वाटलं, पँट आखूड करायची आहे. पँट देऊन आलो.

संकल्प: बाबांची बटणं रोज मी लावणार. काल लावली, तर एक खालीवर झालं. बाबा म्हणाले, शिंप्याचा हात चांगला होता. मी ऐकून घेतलं.

आज त्यांची झोप व्हायच्या आधीच तयार होतो. उठले, शर्ट हातात घेतला, पण घातला नाही, खिडकीपाशी पेपर उघडून बसले. चहाची वेळ झाली. मी जवळ गेलो. म्हटलं, बाबा, या, बटणं लावून देतो.

त्यांनी पेपरातून डोकं वर केलं नाही. म्हणाले, थांब.

थांबलो.